राउटर चालू होत नाही? आधी तो कुठवर येऊन थांबला ते बघा

‘राउटर चालू होत नाही’ या एकाच तक्रारीखाली निदान चार वेगवेगळे आजार येतात. एकात खोक्यावर एकही दिवा लागत नाही. दुसऱ्यात पॉवरचा दिवा लागतो, पण पुढे तासभर वाट पाहिली तरी काही हलत नाही. तिसऱ्यात दिवे लागतात, नाचतात, मग सगळे एकदम विझतात आणि पुन्हा पहिल्यापासून खेळ सुरू होतो. चौथ्यात वायफायचं नाव मोबाइलवर दिसतं, जोडलंही जातं, फक्त इंटरनेट नसतं. हा चौथा प्रकार मुळात सुरू न होण्याचा नाहीच. फायबरच्या खोक्यावर ‘लॉस’ नावाचा लाल दिवा पेटला असेल, तर राउटर ठणठणीत आहे आणि वायरीतून उजेड येत नाही. केबलवाल्याला फोन करा, पुढचं वाचायची गरज नाही.

उरलेल्या तिन्ही आजारांवर सर्रास एकच औषध केलं जातं: मागच्या भोकात टाचणी घालून रीसेट दाबून धरणे. पण रीसेटचं बटण म्हणजे वीज तोडणारा खटका नव्हे. ते दाबलं गेलंय का, हे आतला चालू असलेला प्रोग्राम बघत असतो. जो राउटर अजून जागाच झालेला नाही, त्याचं बटण बघायला आत कोणी नसतं. उलट अर्धवट चालणाऱ्या राउटरवर रीसेट लागू पडलं, तर केबलवाल्याने घातलेलं युजरनेम, पासवर्ड आणि लाइनच्या सेटिंग पुसल्या जातात. मग एकाच्या जागी दोन दुखणी होऊन बसतात.

म्हणून टाचणी बाजूला ठेवून आधी राउटर जागा कसा होतो ते बघू.

खटका दाबल्यावर अडॅप्टरकडून साधारण १२ व्होल्ट आत येतात. बोर्डावरचे छोटे कन्व्हर्टर त्याचे तुकडे पाडतात: फ्लॅश चिप (वीज गेली तरी लिहिलेलं जपून ठेवणारी) आणि इतर भागांसाठी ३.३ व्होल्ट, डीडीआर-३ मेमरीसाठी १.५ किंवा १.३५, आणि प्रोसेसरच्या गाभ्यासाठी एक व्होल्टच्या आसपास. हे सगळे व्होल्ट स्थिर होईपर्यंत प्रोसेसरला रीसेट अवस्थेत दाबून धरलेलं असतं. दरम्यान एक क्रिस्टल (बहुधा २५ किंवा ४० मेगाहर्ट्झचा) ठेका धरतो. मग प्रोसेसर सुटतो आणि ठरलेल्या एकाच जागी पहिली आज्ञा शोधतो. घरगुती राउटरमध्ये ती जागा म्हणजे बहुतेक वेळा आठ पायांची एक इवलीशी फ्लॅश चिप. तिच्या सुरुवातीला बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम असतो, पुष्कळ राउटरमध्ये तो यू-बूट. तो मेमरी जागी करतो, फर्मवेअर (राउटर चालवणारा मुख्य प्रोग्राम) कुठे आहे ते बघतो, चेकसम (पडताळणीचा आकडा) काढून ते धड आहे का तपासतो, आत दाबून भरलेलं लिनक्सचं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मेमरीत उलगडतो आणि ताबा त्याच्याकडे देतो. कर्नल इथरनेट ओळखतं, फाइलसिस्टिम जोडतं, मग एकेक सेवा उठते. वायफायचा रेडिओ पेटतो तो जवळजवळ शेवटी. ही सगळी वरात निघायला अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांपर्यंत वेळ लागतो.

यात प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या भरवशावर उभी आहे. त्यामुळे ‘काय बिघडलंय’ हा प्रश्न सुरुवातीला विचारण्यात अर्थ नाही. ‘शेवटची कुठली पायरी नक्की झाली’ हे विचारायचं. ती सापडली की संशयितांची यादी आपोआप दोन-तीन नावांवर येते.

पहिली पायरी वीज, आणि मी नेहमी तिथूनच सुरुवात करायला सांगतो. अडॅप्टर हा सगळ्या संचातला सगळ्यात स्वस्त भाग. तो चोवीस तास गरम असतो, टीव्हीच्या मागे धुळीत लोंबकळत असतो आणि त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. शिवाय तो एकदम मरत नाही, झिजत जातो. मरायला टेकलेला अडॅप्टर मल्टिमीटरला छान १२.१ व्होल्ट दाखवतो. मोजणारा म्हणतो, ‘अडॅप्टर ओके आहे’, आणि तपास तिथेच चुकीच्या वाटेला लागतो. कारण मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. प्रश्न असतो तो अर्धा-एक अँपियर ओढल्यावर व्होल्टेज टिकतं का, हा.

हे घरी तपासायची स्वस्त युक्ती म्हणजे दुचाकीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॉटचा बल्ब. कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो आणि साधारण ०.८ अँपियर ओढतो, म्हणजे १२ व्होल्ट, १ अँपियरच्या अडॅप्टरला बरोबर पुरेसं काम. बल्ब अडॅप्टरला जोडायचा आणि जळत असताना त्याच्याच टोकांवर मीटर लावायचं. चांगला अडॅप्टर ११.७-११.८ पर्यंत खाली येतो आणि तिथेच उभा राहतो. थकलेला नऊवर, आठवर घसरतो. अगदी गेलेला असेल तर टिक-टिक असा बारीक आवाज येतो, बल्ब लुकलुकतो आणि मीटरचा आकडा वर-खाली पळत राहतो: अडॅप्टर सुरू होतोय, भार झेपत नाही म्हणून स्वतःला बंद करतोय, पुन्हा प्रयत्न करतोय. थंड बल्ब पहिल्या क्षणाला नेहमीपेक्षा बराच जास्त करंट ओढतो, त्यामुळे सुरुवातीची एखादी लुकलुक माफ करायची. ०.६ अँपियरच्या छोट्या अडॅप्टरला हा बल्ब जड जातो, त्याच्यासाठी ५ वॉटचा पार्किंग बल्ब घ्या. हे सगळं नको असेल, तर तेवढ्याच व्होल्टचा आणि तितक्या किंवा जास्त अँपियरचा दुसरा अडॅप्टर लावून बघा. अँपियर जास्त असले तर बिघडत नाही, राउटर हवे तेवढेच घेतो. व्होल्ट मात्र जुळलेच पाहिजेत, आणि लेबलवरच्या गोलाच्या चित्रात मधलं टोक अधिक आहे ना, तेही.

पिनसुद्धा बघा. बाहेरून ५.५ मिलिमीटरच्या दोन पिना सारख्याच दिसतात, पण एकीचं आतलं भोक २.१ मिलिमीटरचं असतं आणि दुसरीचं २.५ चं. २.१ च्या सॉकेटमध्ये २.५ ची पिन बसते, दिवाही लागतो, पण आतला स्पर्श ढिला राहतो. मग खोकं जरा हललं की राउटर पुन्हा पहिल्यापासून.

अडॅप्टर झिजतो म्हणजे त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळतात. हा कपॅसिटर म्हणजे गच्चीवरची टाकी समजा: मोटर हप्त्याहप्त्याने पाणी चढवते, पण खाली नळाला धार एकसारखी येते ती टाकीमुळे. टाकी गळून अर्धी झाली की एक नळ चालतो, पण घरातले सगळे नळ एकदम सोडले की धार तुटते. राउटरमध्ये सगळे नळ एकदम सुटतात तो क्षण म्हणजे सुरू होण्याचा, आणि त्यातही वायफायचा रेडिओ पेटण्याचा. म्हणून वर्षानुवर्षं चालू असलेला राउटर लाईट जाऊन आल्यावर उठत नाही. बिघाड लाईट जाण्याने झालेला नसतो, आधीपासूनच असतो. चालू होता तोवर कुणाला कळलं नव्हतं एवढंच.

वाळलेल्या कपॅसिटरची आणखी एक खूण म्हणजे थंडी. तापमान उतरलं की त्याचा आतला रोध वाढतो. निफाडच्या डिसेंबरातल्या पहाटे राउटर उठत नाही आणि ऊन वर आल्यावर आपोआप चालू होतो, असं कुणी सांगितलं तर हसू नका. हेअर ड्रायरची ऊब दिल्यावर राउटर सुरू झाला, तर कपॅसिटरवरचा संशय पुष्कळ पक्का होतो. बोर्डावरचा कपॅसिटर असेल तर कधीकधी डोळ्यांनीही दिसतो: वरचा सपाट पत्रा फुगून टोपीसारखा वर आलेला, किंवा बुडाशी तपकिरी ओघळ.

आता आपल्याकडचा खास मामला, मिनी यूपीएस. लाईट वारंवार जाते तिथे राउटरला हे छोटं खोकं लावण्याची पद्धत पडली आहे. आत बहुधा तीन लिथियम सेल एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण भरल्यावर त्यांची बेरीज १२.६ व्होल्ट होते, रिकामे होत आले की नऊच्या आसपास येते. बऱ्यापैकी यूपीएस हे सावरून कायम १२ व्होल्ट देतो. स्वस्तातला मात्र सेलचे व्होल्ट जसेच्या तसे बाहेर सोडतो. राउटरला लागणारी शक्ती तेवढीच असते, त्यामुळे व्होल्ट कमी झाले की करंट वाढतो: १२ व्होल्टला एक अँपियर ओढणारं खोकं नऊ व्होल्टला १.३३ ओढतं. त्यात यूपीएसची वायर केसासारखी बारीक. परिणाम असा की लाईट गेल्यावर राउटर टिकतो, पण बॅटरी उतरल्यावर एकदा बंद पडला की अर्धवट सुरू होऊन पडतो, पुन्हा उठतो, पुन्हा पडतो. म्हणून राउटर पुन्हापुन्हा चालू-बंद होत असेल, तर सगळ्यात आधी मधला यूपीएस काढा आणि अडॅप्टर थेट राउटरला लावा. या एका हालचालीत बऱ्याच केसेस मिटतात.

वीज आत नीट येतेय आणि तरी एकही दिवा नाही, तर खोकं उघडायचं. बाहेरच्या अडॅप्टरवर चालणाऱ्या राउटरच्या बोर्डावर १२ व्होल्टच असतात, शॉक बसत नाही. अडॅप्टर मात्र उघडू नका. त्याच्या आतला मोठा कपॅसिटर ३२५ व्होल्टच्या आसपास भरलेला असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ तसाच राहू शकतो.

बोर्डावर पहिल्यांदा पिनेच्या सॉकेटपाशी, वीज बंद असताना, अधिक आणि उणे यांच्यातला रोध मोजा. शून्याच्या जवळ असेल, तर तिथला संरक्षक डायोड गेलेला असण्याची शक्यता मोठी. जास्त व्होल्ट आले की स्वतः शॉर्ट होऊन बाकीच्यांना वाचवणं हेच त्याचं काम. अशा वेळी अडॅप्टर टिक-टिक करतो आणि माणूस नवा अडॅप्टर आणतो, तोही टिक-टिक करतो. शॉर्ट नसेल, तर वीज चालू करून कन्व्हर्टरच्या चौकोनी कॉइलपाशी व्होल्ट मोजत जा: ३.३ आहेत का, १.५ आहेत का, एकच्या आसपास आहेत का. एखादा आकडा गायब असेल, तर तो कन्व्हर्टर तरी गेलाय किंवा पुढचा कुणीतरी त्याला जमिनीला ओढतोय. दुसरं असेल तर बोटाला कळतं. चालू केल्यावर दहा सेकंदांत प्रोसेसरची चिप चटका देण्याइतकी तापत असेल, तर ती आतून शॉर्ट आहे. घरगुती राउटरपुरती गोष्ट तिथे संपते.

पावसाळ्यात असं होण्याचं कारण पुष्कळदा विजेच्या खांबाकडून येत नाही, लॅनच्या (नेटवर्कच्या) वायरीतून येतं. दोन इमारतींमध्ये गच्चीवरून ओढलेली तांब्याची केबल म्हणजे आकाशातल्या विजेसाठी अँटेनाच. इथरनेटच्या प्रत्येक पोर्टमागे एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तो साधारण १,५०० व्होल्टपर्यंतचा फरक अडवू शकतो. जवळपास वीज कोसळली तर तेवढ्याने भागत नाही. फायबरच्या काचेतून वीज येत नाही हे खरं, पण घरापर्यंत येणाऱ्या फायबर केबलला ताण सोसायला बऱ्याचदा पोलादी तार जोडलेली असते, हे लक्षात ठेवलेलं बरं.

दिव्यांबद्दल थोडक्यात. पॉवरचा दिवा काही बोर्डांवर थेट ३.३ व्होल्टला जोडलेला असतो, म्हणजे प्रोसेसर मेलेला असला तरी तो लागणारच. सगळे दिवे एकदम लागले आणि तसेच राहिले, तर प्रोसेसरने अजून एकही आज्ञा पाळलेली नाही असं धरायला हरकत नाही, कारण दिवे विझवण्याचं काम प्रोग्राम करतो. ठरावीक तालात पुन्हापुन्हा तेच झालं, तर बहुधा बूटलोडरपर्यंत तरी गाडी पोहोचली आहे.

यापुढे दिव्यांच्या भाषेवर विसंबण्यापेक्षा राउटरलाच बोलतं करावं. बहुतेक राउटरच्या बोर्डावर एका ओळीत चार भोकं किंवा चार टिकल्या असतात. ही सिरियल कन्सोलची जागा. यातून राउटर सुरू होताना काय काय करतोय ते साध्या अक्षरांत सांगत असतो. खोक्यात ते ऐकायला कुणी नसतं इतकंच. ऐकण्यासाठी यूएसबी-टू-टीटीएल नावाचा छोटा बोर्ड लागतो, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. तो ३.३ व्होल्टचा हवा. पाच व्होल्टचा किंवा जुन्या कॉम्प्युटरचा सिरियल पोर्ट थेट जोडलात तर चालू राउटरही हातचा जाईल. तीनच वायरी जोडायच्या: ग्राउंडला ग्राउंड, राउटरच्या टीएक्सला (बोलणाऱ्या टिकलीला) आपला आरएक्स (ऐकणारा) आणि उलट. चौथ्या टिकलीवर ३.३ व्होल्ट असतात, ती मोकळी सोडायची. टीएक्स कुठली ते ओळखायला मीटर लावून राउटर चालू करा. जिचे व्होल्ट पहिल्या काही सेकंदांत थरथरतात ती टीएक्स. वेग बहुधा सेकंदाला १,१५,२०० बिट. पडद्यावर अगम्य चिन्हं आली, तर ५७,६०० किंवा ३८,४०० करून बघा. कचरा दिसतोय म्हणजे राउटर जिवंत आहे, फक्त वेग जुळलेला नाही.

एका सामान्य घरगुती राउटरची निरोगी सुरुवात साधारण अशी वाहते. पहिल्या ओळीत यू-बूटचं नाव आणि आवृत्ती. मग ‘डीरॅम: ६४ एमबी’, म्हणजे मेमरी. मग फ्लॅशचा आकार. मग ‘ऑटोबूट थांबवायला कुठलीही कळ दाबा’ अशा अर्थाची ओळ आणि उलटी मोजणी. मग ‘व्हेरिफाइंग चेकसम... ओके’, ‘अनकॉम्प्रेसिंग कर्नल इमेज... ओके’, ‘स्टार्टिंग कर्नल’, आणि त्यानंतर लिनक्सच्या ओळींचा धबधबा.

धबधबा बघू नका, तो कुठे तुटतो ते बघा. एकही अक्षर आलं नाही, तर व्होल्ट, क्रिस्टल किंवा फ्लॅशमधला बूटलोडर यांपैकी काहीतरी गेलंय (काही कंपन्या कन्सोल मुद्दाम मुका करून ठेवतात, तेही ध्यानात ठेवा). डीरॅमच्या ओळीपाशी थांबलं, तर मेमरी किंवा तिचे १.५ व्होल्ट. चेकसम चुकीचा आला, तर खरं म्हणजे आनंद माना. प्रोसेसर, मेमरी, बूटलोडर सगळं चालतंय, फक्त फर्मवेअर खराब झालंय, आणि ते पुन्हा भरता येतं. अपडेट चालू असताना लाईट गेली की नेमकं हेच होतं. ‘कर्नल पॅनिक, रूट फाइलसिस्टिम जोडता येत नाही’ असं आलं, तर फर्मवेअरचा पुढचा अर्धा भाग गेलाय, उपाय तोच.

अवघड असतो तो उलगडताना येणारा एरर. फ्लॅशमधली प्रत खराब आहे की ती जिथे उलगडायची ती मेमरी खराब आहे, हे एका लॉगवरून सांगता येत नाही. इथे राउटर पुन्हापुन्हा चालू करून लॉग शेजारीशेजारी ठेवायचे. चूक दर वेळी त्याच जागी, त्याच शब्दांत येत असेल तर फ्लॅशमधली प्रतच बिघडलेली आहे, कारण खराब अक्षर दर वेळी तेच वाचलं जातं. जागा बदलत असेल, कधी उलगडताना, कधी कर्नल सुरू झाल्यावर, कधी नीट सुरू होऊन पाच मिनिटांनी, तर मेमरी किंवा वीज. या एका फरकाने मला वाटतं बाकी सगळ्या उपकरणांपेक्षा जास्त कळतं, आणि त्याला खर्च शून्य.

तसाच दुसरा फरक, राउटर मधेच पुन्हा सुरू होतो तेव्हाचा. प्रोग्राम कोसळला तर जाताना काहीतरी बोलून जातो: पॅनिक, आकड्यांची रांग, एखादी तक्रार. आतून गोठला, तर लॉग थांबतो, काही सेकंद शांतता असते आणि मग वॉचडॉग (गोठलेल्या राउटरवर नजर ठेवणारा टायमर) त्याला ढकलून पुन्हा उठवतो. पण ओळ अर्ध्यातच तुटली, शब्दही पूर्ण झाला नाही, आणि लगेच खाली यू-बूटची पहिली ओळ आली, तर राउटरला मिळणारे व्होल्ट कोसळले. आणि ती तुटलेली ओळ वायफायच्या आसपासची असेल, तर वर सांगितलेल्या बल्बाकडे परत जा.

फर्मवेअर पुन्हा भरायचं तर बऱ्याच बूटलोडरमध्ये सोय असते. टीपी-लिंकच्या कित्येक आर्चर मॉडेलांत कॉम्प्युटरला १९२.१६८.०.६६ हा पत्ता द्यायचा, टीएफटीपी सर्व्हरमध्ये (नेटवर्कवरून फाइल देणारा साधा प्रोग्राम) ठरलेल्या नावाने फर्मवेअरची फाइल ठेवायची आणि रीसेट दाबून धरून राउटर चालू करायचा. बूटलोडर स्वतःच ती फाइल मागून घेतो. टाचणीचा खरा उपयोग इथे होतो, कारण आता बटण बघायला बूटलोडर जागा आहे. प्रत्येक कंपनीची पद्धत आणि फाइलचं नाव वेगळं. मॉडेल नंबर इतकाच खालच्या लेबलवरचा व्ही-वन, व्ही-टू हा हार्डवेअरचा आवृत्ती क्रमांकही जुळला पाहिजे. एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांमध्ये प्रोसेसर पूर्ण वेगळा असू शकतो.

बूटलोडरच पुसला गेला असेल, तर आठ पायांची चिप प्रोग्रामरने थेट लिहावी लागते. इथे एकच गोष्ट निक्षून सांगतो: काहीही लिहिण्याआधी चिपमध्ये जे आहे ते दोनदा वाचून, दोन्ही प्रती तंतोतंत जुळतात याची खात्री करून जपून ठेवा. त्या चिपच्या एका कोपऱ्यात त्या विशिष्ट राउटरचा मॅक पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा ओळख क्रमांक) आणि त्याच्या वायफाय रेडिओचं कॅलिब्रेशन (जुळवणीचे आकडे) असतं. कारखान्यात प्रत्येक नगाचं वेगळं मोजून लिहिलेलं असतं ते. इंटरनेटवर मिळणारी दुसऱ्या कुणाची पूर्ण प्रत घालून राउटर सुरू होईल, पण वायफाय लंगडं चालेल आणि मॅक पत्ता दुसऱ्याचा असेल.

ऑफिस, बँका, कॉलेजं यांच्या रॅकमधले मोठे राउटर याच क्रमाने उठतात, फरक एवढाच की त्यांच्यात कन्सोलची जागा बाहेर, सन्मानाने दिलेली असते. सिस्कोच्या राउटरला फिकट निळी केबल लावायची, वेग ९,६००. निरोगी असेल तर बूटस्ट्रॅपची आवृत्ती येते, मग इमेज (ऑपरेटिंग सिस्टिमची फाइल) उलगडताना हॅशच्या चिन्हांची लांबच लांब रांग. त्याऐवजी ‘रोममॉन १’ असं लिहून कर्सर लुकलुकत थांबला, तर घाबरू नका. रोममॉन हा तिथला बूटलोडर. त्याला ऑपरेटिंग सिस्टिमची इमेज सापडलेली नाही, किंवा सापडूनही ‘इथेच थांब’ अशी आज्ञा आहे. फ्लॅशमधल्या फाइलींची यादी काढा. फाइल असेल तर तिचं नाव देऊन हाताने बूट करा, नसेल तर टीएफटीपीने आणा. ‘इथेच थांब’ची आज्ञा असते ती कॉन्फिगरेशन रजिस्टर नावाच्या एका आकड्यात. तो हेक्स २१०२ असेल तर नेहमीची सुरुवात, २१०० असेल तर रोममॉनमध्येच मुक्काम.

आणि २१४२ असेल तर सगळ्यात फसवा प्रकार. राउटर झकास सुरू होतो, पण कोऱ्या पाटीसारखा: ना नाव, ना पत्ते, ना पासवर्ड. हार्डवेअर बिघडलं म्हणून बोंब होते. खरं तर कुणीतरी कधीतरी पासवर्ड विसरल्यावर हा आकडा टाकलेला असतो, आणि तो परत फिरवायचा राहून गेलेला असतो. जुनी सेटिंग जागच्या जागी शाबूत असते, सुरू होताना तिच्याकडे दुर्लक्ष करायला सांगितलेलं असतं इतकंच. अशा वेळी नवी सेटिंग टाइप करून सेव्ह केली, की जुनी खरोखरच जाते. त्याऐवजी साठवलेली सेटिंग चालू सेटिंगमध्ये उतरवा, बंद राहिलेले इंटरफेस (जोडणीची पोर्टं) एकेक करून उघडा (ते आपणहून उघडत नाहीत), रजिस्टर २१०२ करा आणि मगच सेव्ह.

मोठ्या राउटरमध्ये जोडलेली कार्डं हाही एक संशयित. सगळी काढून नुसता गाभा चालू होतो का बघायचं, मग एकेक कार्ड घालत जायचं. कंटाळवाणं आहे, पण हमखास.

या क्षेत्रातल्या दोन मोठ्या प्रकरणांनी नेटवर्कवाल्यांना वीज बंद करण्याची धास्तीच लावली. २०१४ मध्ये सिस्कोने जाहीर केलं की २००५ ते २०१० या काळात एकाच पुरवठादाराने बनवलेल्या मेमरीचे काही भाग अपेक्षेपेक्षा लवकर खराब होऊ शकतात. त्यातली मेख अशी की झिजलेला भाग चालू यंत्रात त्रास देत नव्हता. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं की मगच तो दगा द्यायचा. सिस्कोने त्यासाठी ६५.५ कोटी डॉलर बाजूला काढले. २०१७ च्या फेब्रुवारीत दुसरं प्रकरण आलं. आयएसआर ४३२१, ४३३१, ४३५१ या राउटरांसह बऱ्याच उपकरणांतला घड्याळाचा ठेका देणारा एक भाग साधारण १८ महिन्यांच्या वापरानंतर निकामी होऊ शकतो, आणि तो गेला की यंत्र सुरू होणार नाही, दुरुस्तही होणार नाही. सिस्कोने पुरवठादाराचं नाव घेतलं नाही. पण त्याच सुमारास इंटेलच्या ॲटम सी-२००० प्रोसेसरच्या दोषांच्या यादीत एव्हीआर-५४ नावाची नोंद आली होती: एलपीसी या आतल्या जोडणीचा क्लॉक बंद पडू शकतो आणि यंत्र सुरू होणं थांबू शकतं. हेच प्रोसेसर असलेल्या सिनॉलॉजीच्या काही स्टोरेज खोक्यांवर हौशी लोकांनी १०० ओमचा एक रेझिस्टर डकवून मेलेली यंत्रं उठवली. काही पैशांत मिळणारा रेझिस्टर आणि हजारो रुपयांचं खोकं.

अशा यंत्रांच्या बाबतीत बिघडल्यावर निदान करून फारसं हाती लागत नाही, तयारी आधी लागते. यूपीएसची बॅटरी बदलायची म्हणून किंवा सोसायटीत दुरुस्तीसाठी दिवसभर लाईट जाणार म्हणून रॅक बंद करायची वेळ आली, तर आदल्या दिवशी प्रत्येक राउटरची सेटिंग त्याच्या बाहेर उतरवून ठेवा. ‘शो व्हर्जन’ची आज्ञा देऊन शेवटची रजिस्टरची ओळ वाचा, २१४२ तिथे दबा धरून बसलेलं नाही ना बघा. फ्लॅशमधली इमेज पूर्ण आहे का, तिचा चेकसम कंपनीने दिलेल्या आकड्याशी जुळतो का, ते चालू असतानाच तपासा. कन्सोलची केबल आणि ती लागणारा लॅपटॉप हाताशी ठेवा, कारण नेटवर्क बंद असताना फाइल डाउनलोड करायला इंटरनेटही नसेल. आणि एकमेकांना आधार म्हणून जोडीने लावलेले दोन राउटर एकाच खेपेत विकत घेतलेले असतील, तर दोन्ही एकदम बंद करू नका. आधी एक बंद करा, तो पूर्ण उठून वाहतूक घेऊ लागला की मगच दुसऱ्याच्या खटक्याला हात लावा.